दूरसंचार आणि प्रसारण व्यवसाय महानगर प्रदेशातच का एकवटतात?

प्रश्न थोडक्यात असा: एक कंपनी प्रादेशिक इंटरनेट सेवा चालवते, जोडीला वृत्तवाहिनी सुरू करायचा विचार आहे. फायबर आता जवळपास सगळीकडे पोचलंय, उपग्रहाला शहर-खेडं सारखंच, संकलनापासून प्लेआउटपर्यंतचं, म्हणजे तयार कार्यक्रम ठरल्या वेळी प्रसारणात सोडण्यापर्यंतचं, काम क्लाउडवर होतं. मग महागडी जागा, गर्दी आणि परवानग्यांचा जाच सोसून महानगर प्रदेशात पाय रोवण्यात आज काही अर्थ उरलाय का? असलाच, तर फायदा फक्त ‘ग्राहक जास्त’ एवढाच का?

माझी बरीच वर्षं नेटवर्क नियोजनात गेली, त्यातली काही प्रसारण कंपन्यांसाठी. उत्तर आधीच सांगून टाकतो: अर्थ उरलाय, पण ग्राहकसंख्या हे दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे. पहिलं कारण म्हणजे तुमच्याच धंद्यातले बाकीचे लोक. ज्यांच्याशी जोडून घ्यायचंय, ज्यांच्याकडून विकत घ्यायचंय आणि ज्यांच्याशी स्पर्धा करायचीय, ते सगळे तिथे चालत जाण्याच्या अंतरावर असतात. शिवाय ‘महानगर’ आणि ‘महानगर प्रदेश’ यांत गल्लत करू नका. भर मध्यवस्तीत एक मजला भाड्याने घेणं वेगळं. मध्यवस्ती, उपनगरं, टेकडी, किनारा आणि वेशीबाहेरची मोकळी जमीन हे सगळं एकाच फायबरच्या कड्यात बांधून वापरणं वेगळं. मोठा फायदा या दुसऱ्या प्रकारात आहे आणि नेमका तोच हिशेबातून सुटतो.

आधी जोडणीबद्दल. इंटरनेट हे एक जाळं नव्हे. ७०,००० हून जास्त स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडून ते उभं आहे. तुमच्या ग्राहकाने काहीही उघडलं की ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी जाळ्यातून तुमच्याकडे येतं. त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली ट्रान्झिट: मोठ्या वाहकाला, म्हणजे लांबपर्यंत रहदारी वाहून नेणाऱ्या कंपनीला, पैसे द्यायचे आणि जगभर पोचवायची जबाबदारी त्याच्यावर टाकायची. दुसरी पीअरिंग: समोरच्या जाळ्याशी थेट जोडून घ्यायचं आणि आपापल्या ग्राहकांची रहदारी, बहुधा विनामोबदला, एकमेकांच्या हवाली करायची. ट्रान्झिट कुठेही विकत मिळतं. पीअरिंगसाठी मात्र दोघांच्या तारा एका जागी याव्या लागतात. अशा जागा म्हणजे इंटरनेट एक्स्चेंज, आणि मोठी एक्स्चेंजेस जवळपास सगळी महानगरांत आहेत. लंडनचं लिंक्स १९९४ चं, फ्रँकफर्टचं डी-सिक्स १९९५ चं, हाँगकाँगचं एचकेआयएक्सही १९९५ चंच, आणि ते तर एका विद्यापीठात सुरू झालं. अशा ठिकाणी एक पोर्ट, म्हणजे तार खोचायची एक जागा, घेतलं की एकाच जोडणीवरून शेकडो जाळ्यांशी देवाणघेवाण सुरू करता येते.

घाऊक बाजाराचं जसं असतं तसंच हे. विकणारे जमतात म्हणून घेणारे येतात, घेणारे येतात म्हणून आणखी विकणारे येतात, आणि एकदा बसलेला बाजार सहसा हलत नाही. याचा पैशातला परिणाम नव्या कंपनीला पहिल्याच करारात दिसतो. आडगावात तुमच्या दारापर्यंत एक किंवा दोन वाहकांचं फायबर आलेलं असतं. भाव ते ठरवतात. अनेक वाहक एकत्र येणाऱ्या इमारतीत पुरवठादार बदलायचा म्हणजे त्याच इमारतीतली एक फायबर जोडतार या रॅकमधून (उपकरणांच्या कपाटातून) त्या रॅकमध्ये न्यायची. वाहकालाही हे माहीत असतं, त्यामुळे तो पहिला भावच वेगळा सांगतो. ट्रान्झिटच्या दरातला हा फरक कोणत्याही औद्योगिक करसवलतीपेक्षा मोठा ठरल्याचं मी पुष्कळदा पाहिलंय, विशेषतः लहान कंपन्यांच्या बाबतीत.

हा बाजार अमुकच इमारतीत का बसतो, याचं उत्तर बहुधा रस्त्याखाली सापडतं. न्यूयॉर्कमधली ६०, हडसन स्ट्रीट ही इमारत १९३० मध्ये वेस्टर्न युनियन या तार कंपनीचं मुख्यालय म्हणून पूर्ण झाली. तारायंत्रांच्या वायरींसाठी तिथे नळ्यांचं जाळं घातलेलं होतं. तारा गेल्या, नळ्या राहिल्या, त्यांतून पुढे फायबर आलं आणि ती इमारत जगातल्या फार महत्त्वाच्या जोडणी-केंद्रांपैकी एक झाली. लॉस एंजेलिसची वन विल्शर ही तर १९६६ ची साधी कार्यालयांची इमारत. उंच होती आणि टेलिफोन कंपनीचं मोठं केंद्र जवळ होतं, म्हणून नव्या वाहकांनी तिच्या छतावर मायक्रोवेव्ह अँटेना बसवल्या. बाकीचे त्यांच्यामागून आले. जमिनीखालची वाट तंत्रज्ञानापेक्षा जास्त वर्षं टिकते. म्हणून एखाद्या महानगराचं आकर्षण मोजताना मी आधी डक्टची स्थिती विचारतो: नळ्या कुणाच्या, त्यांत जागा किती, आणि दुसऱ्याला भाड्याने मिळतात का. स्टॉकहोम महापालिकेने १९९४ मध्ये स्टोकॅब ही कंपनी काढली. ती शहरभर फायबर घालते आणि सगळ्यांना सारख्याच अटींवर डार्क फायबर, म्हणजे नुसती काच, भाड्याने देते; स्वतः इंटरनेट सेवा विकत नाही. त्यामुळे प्रत्येक कंपनीला तोच रस्ता पुन्हा खोदावा लागला नाही आणि लहान कंपन्याही बाजारात उतरू शकल्या. दोन महानगरांतून एक निवडायचं झालं, तर मी असा नियम असलेलं शहर घेईन, मग तिथलं भाडं थोडं जास्त का असेना.

आता अंतर. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. ५० किलोमीटरवरच्या ठिकाणी जाऊन परत यायला अर्धा मिलिसेकंद. हाच हिशेब ६०० किलोमीटरला केला तर ६ मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात फायबर सरळ रेषेत जात नाही म्हणून त्याहून जास्त. वेब पान उघडणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. शेअर बाजारात यंत्राने सौदे करणाऱ्यांना जाणवतं: शिकागो ते न्यूयॉर्क परिसर असा जाऊन-येऊन सुमारे १३ मिलिसेकंदांचा मार्ग मिळावा, एवढ्यासाठी २०१० मध्ये शक्य तितकं सरळ नवं फायबर घालण्यात आलं. असे ग्राहक महानगराबाहेर भेटत नाहीत.

माझ्या मते विलंबापेक्षाही महत्त्वाची आहे उपकरणांची मर्यादा. लांब पल्ल्याच्या फायबरवर साधारण ८० ते १०० किलोमीटरला प्रकाश वाढवणारं अँप्लिफायर लागतं. म्हणजे वाटेत जागा हवी, वीज हवी, देखभाल हवी. त्याच्या आतल्या अंतरांसाठी १०, ४० आणि ८० किलोमीटर पल्ल्याचे तयार ऑप्टिकल मॉड्यूल मिळतात. स्विचमध्ये खोचले की मार्ग सुरू. त्यामुळे महानगर प्रदेशाच्या आत तुम्ही स्वतःचं जाळं स्वतः उभारू शकता, बाहेर गेलात की बहुधा दुसऱ्याची क्षमता भाड्याने घ्यावी लागते. क्लाउड कंपन्याही याच मापात काम करतात: ॲमेझॉनची क्लाउड सेवा एका विभागातली आपली स्वतंत्र केंद्रं परस्परांपासून १०० किलोमीटरच्या आत ठेवते. एका केंद्राला आग लागली तर दुसरं वाचावं इतकं दूर, आणि दोन्हीकडे माहिती एकाच वेळी लिहिता यावी इतकं जवळ. ‘प्रदेश’ हे माप प्रशासनाने आखलेल्या हद्दीवरून ठरत नाही. काचेच्या भौतिकशास्त्रावरून ठरतं.

प्रसारणात हीच गोष्ट जास्त ठळकपणे दिसते, म्हणून इथे थोडा थांबतो. एका एचडी कॅमेऱ्याचा न दाबलेला, म्हणजे आकार कमी न केलेला, सिग्नल सुमारे १.५ गिगाबिट प्रति सेकंद, अल्ट्रा एचडीचा १२ गिगाबिट. मैदानावर १० एचडी कॅमेरे असतील तर १५ गिगाबिट झाले. मैदान आणि स्टुडिओ एकाच महानगर प्रदेशात असतील, तर डार्क फायबरची एक जोडी आणि दोन टोकांना १०० गिगाबिटचे मॉड्यूल एवढ्यात सगळे कॅमेरे कच्च्या स्वरूपात स्टुडिओत येतात आणि वर परतीच्या चित्रासाठी, आवाजासाठी, कॅमेरामनशी बोलण्यासाठी भरपूर जागा उरते. दिग्दर्शक स्टुडिओतल्याच कंट्रोल रूममध्ये बसतो. ५० फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. त्यापुढे अर्ध्या मिलिसेकंदाला कोण विचारतो? हेच मैदान दूरच्या शहरात असेल, तर सिग्नल दाबावा लागतो, क्षमता मेगाबिटच्या हिशेबाने विकत घ्यावी लागते, एन्कोडर-डिकोडरचा विलंब वाढतो आणि कुठला कॅमेरा पाठवायचा नाही यावर वाद होतात. व्हिडिओ, आवाज आणि इतर माहिती वेगवेगळ्या आयपी प्रवाहांत नेणारं एसएमपीटीई २११० हे प्रमाणक २०१७ मध्ये आलं. त्यात सगळ्या उपकरणांची घड्याळं एक मायक्रोसेकंदाच्या आसपास जुळलेली असावी लागतात. असा काटेकोरपणा स्वतःच्या ताब्यातल्या, लहान, ठरलेल्या मार्गाच्या फायबरवर सांभाळणं सोपं. चार कंपन्यांच्या उपकरणांतून वळणं घेत आलेल्या भाड्याच्या मार्गावर तेच डोकेदुखी होतं.

मोठ्या महानगरांत क्रीडांगणं, विधिमंडळ, शेअर बाजार, नाट्यगृहं अशा ठिकाणी फायबर बहुधा कायमचं घातलेलं असतं आणि वाहिन्या ते आळीपाळीने वापरतात. ओबी व्हॅन, म्हणजे घटनास्थळावरून प्रसारण करणारी गाडी, रस्त्यावर उभी करून उपग्रहाची वेळ आरक्षित करण्याची गरजच तिथे कमी होते. बातमीच्या वाहिनीला यातून मिळणारी चपळाई पैशात मांडणं कठीण आहे, पण ती असते.

मग येतो टॉवर. प्रसारणाचा खर्च क्षेत्रफळावर ठरतो, माणसांवर नाही. अँटेना ३०० मीटर उंचीवर असेल तर तिचं रेडिओ क्षितिज, म्हणजे सिग्नल सरळ पोचण्याची हद्द, साधारण ७० किलोमीटरवर पडतं. सूत्र सोपं आहे, मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२. या वर्तुळाचं क्षेत्रफळ झालं सुमारे १५,००० चौरस किलोमीटर. टोकियो आणि लगतचे तीन प्रांत मिळून क्षेत्र १३,५०० चौरस किलोमीटरच्या आसपास, लोकसंख्या ३.७ कोटींच्या घरात. एका टॉवरच्या टप्प्यात एवढी माणसं! तेवढ्याच ताकदीचा ट्रान्समीटर विरळ वस्तीच्या पठारावर लावला तर विजेचं बिल तेच, देखभाल तीच, प्रेक्षक काही लाख. भूगोलाची साथ मिळाली तर आणखी मजा: लॉस एंजेलिसच्या वाहिन्यांना टॉवरची उंची विकत घ्यावी लागली नाही, १,७०० मीटरहून उंच माउंट विल्सन शहराच्या डोक्यावरच उभा आहे.

अर्थात शहर स्वतःच वाढत जाऊन सिग्नल अडवतं. टोरंटोत गगनचुंबी इमारतींमुळे टीव्हीचं चित्र बिघडू लागलं, हे तिथला ५५३ मीटरचा सीएन टॉवर उभारण्यामागचं एक मोठं कारण होतं. तो १९७६ मध्ये खुला झाला. टोकियोतला १९५८ चा ३३३ मीटरचा टॉवर उंच इमारतींच्या गर्दीत पुरेना, म्हणून २०१२ मध्ये ६३४ मीटरचा स्कायट्री आला. आणि गंमत म्हणजे पॅरिसचा आयफेल टॉवर मुळात २० वर्षांच्या परवानगीवर उभा होता. बिनतारी संदेशांसाठी त्याचा उपयोग आहे हे सिद्ध झालं नसतं, तर १९०९ नंतर तो राहिला असता की नाही याची शंका आहे.

मात्र इथे एक मेख आहे. माणसं कितीही वाढली तरी फ्रिक्वेन्सी वाढत नाहीत. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे २० मेगाहर्ट्झ, मग शहर दहा लाखांचं असो वा तीन कोटींचं. त्यामुळे महानगरातला परवाना दुर्मिळ होतो आणि लिलावात भाव चढतो. मोबाइल स्पेक्ट्रमचंही तेच. म्हणजे महानगराचा जो फायदा आपण कागदावर मांडतो, त्यातला मोठा हिस्सा परवान्याच्या किमतीतून आधीच काढून घेतलेला असतो. नव्या रेडिओ किंवा मोबाइल कंपनीच्या आराखड्यात ‘मोठी बाजारपेठ’ असं लिहिलेलं दिसलं की मी लगेच विचारतो, त्या मोठेपणाचे पैसे लिलावात कुणी आणि किती भरले? फायबर आणि जोडणीच्या फायद्यावर मात्र असा लिलाव होत नाही. म्हणूनच लहान कंपनीने महानगराकडे पाहताना आकाशापेक्षा जमिनीखाली पाहावं, असं माझं मत आहे.

मोबाइलमध्ये फ्रिक्वेन्सीची ही कोंडी काही अंशी सुटते, कारण तीच फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते. गर्दी वाढली की सेल, म्हणजे एका बेस स्टेशनने (मोबाइल टॉवरने) सांभाळायचं क्षेत्र, लहान करायचे. पहिली व्यावसायिक सेल्युलर सेवा टोकियोत १९७९ मध्ये सुरू झाली, अमेरिकेतली १९८३ मध्ये शिकागोत, ते उगाच नव्हे. ग्रामीण बेस स्टेशन उभं राहतं ते सिग्नल पोचावा म्हणून. त्याची क्षमता दिवसातला बराच वेळ रिकामी असते. महानगरातलं बेस स्टेशन क्षमता अपुरी पडते म्हणून उभं राहतं, आणि पहिल्या दिवसापासून भरतं. २६ किंवा २८ गिगाहर्ट्झसारख्या उंच पट्ट्यांचा पल्ला तर जेमतेम काही शे मीटर. एवढ्या टप्प्यात पुरेसे ग्राहक आणि प्रत्येक खांबापर्यंत फायबर, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या तरच हिशेब बसतो. छतांची भाडी, सोसायट्यांचा विरोध, काचेच्या इमारतींत आत न शिरणारा सिग्नल या कटकटी आहेतच. महानगरात खरी झटापट स्पेक्ट्रमपेक्षा जागेसाठी होते.

घरोघरच्या फायबरचं थोडक्यात सांगतो. एका लेझरचा प्रकाश स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, पल्ला २० किलोमीटर. एका इमारतीत ६४ घरं असली तर एका तारेत काम झालं. तीच ६४ घरं पाच किलोमीटरच्या रस्त्यावर विखुरली असतील तर सगळा पैसा खोदाईत जातो. काच स्वस्त आहे, खड्डा महाग.

माणसांच्या बाबतीतही फार लांबण लावत नाही, कारण हे सगळ्याच उद्योगांना लागू आहे. फरक एवढाच की प्रसारणात कामाची भरती-ओहोटी फार मोठी. निवडणुकीच्या रात्री किंवा स्पर्धेच्या महिन्यात तिप्पट माणसं लागतात, एरवी लागत नाहीत. एका दिवसासाठी व्हिजन मिक्सर चालवणारा, ग्राफिक्स करणारा, दुभाषा, कॅमेऱ्याची लेन्स भाड्याने देणारा हे सगळे एका फोनवर मिळणं, आणि रात्री दोन वाजता बिघडलेलं कार्ड सकाळपर्यंत बदलून मिळणं, हे त्या परिसरात अशी शंभर कामं चालू असतात म्हणूनच शक्य होतं. जाहिरातीचंही तसंच. अमेरिकेत टीव्हीच्या जाहिरातीसाठी देश २१० स्थानिक बाजारांत विभागलेला आहे आणि त्यांतले बहुतेक कुठल्या ना कुठल्या शहराभोवती आखलेले आहेत. प्रेक्षकसंख्या याच मापात मोजली जाते, जाहिरातदार याच मापात वेळ विकत घेतो. मोजलेल्या बाजारात नसाल तर तुमचे प्रेक्षक खरे असूनही विकता येत नाहीत.

उपग्रहाकडे आलं की चित्र उलटतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. तिथून येणारा सिग्नल अतिशय क्षीण. शहरातल्या रेडिओ गोंगाटात तो पकडणं अवघड. सी-बँड या उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सींचा नेहमीचा उतरता, म्हणजे उपग्रहाकडून जमिनीकडे येणारा, पट्टा ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ, आणि ५जीला दिलेल्या फ्रिक्वेन्सी नेमक्या त्याच्या शेजारी, काही देशांत तर त्याच पट्ट्यातल्या. म्हणून डिश मध्यवस्तीत नको. टेकड्यांच्या आडोशाला, शहराबाहेर हवी. पण स्टुडिओला फायबरने जोडता येईल आणि तिथून तासाभरात पोचता येईल इतकी जवळ. न्यूयॉर्कने १९८० च्या दशकात स्टेटन आयलंडवर ‘टेलिपोर्ट’ उभारला तो याच विचाराने: डिश तिथे, ग्राहक मॅनहॅटनमध्ये, मध्ये फायबर. महानगर ‘प्रदेश’ म्हणजे काय, हे याहून चांगलं मला सांगता येणार नाही. वॉशिंग्टनच्या बाबतीतही हेच घडलं. इंटरनेटच्या सुरुवातीच्या मोठ्या एक्स्चेंजेसपैकी माए-ईस्ट १९९२ मध्ये तिथल्या व्हर्जिनियातल्या उपनगरांत सुरू झालं; पुढे जमीन आणि वीज मुबलक असलेल्या थोड्या लांबच्या ॲशबर्नमध्ये डेटा सेंटर उभी राहिली, आणि आज ते जगातलं सगळ्यात मोठं डेटा सेंटर केंद्र आहे. शहर नव्हतं ते, पण प्रदेशात होतं.

‘मग ईएसपीएन कसं?’ असं कुणीतरी विचारणारच. रास्त आहे. ही क्रीडावाहिनी १९७९ मध्ये कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टल या लहान शहरातून सुरू झाली आणि तिथेच वाढली. सीएनएन १९८० मध्ये न्यूयॉर्कऐवजी अटलांटातून सुरू झाली. उपग्रहामुळे देशभरच्या केबल चालकांना कुठूनही सिग्नल देता येऊ लागला होता, जमीन स्वस्त होती. राष्ट्रीय वाहिनी, जिचा माल बाहेरून येतो आणि प्रेक्षक सगळीकडे पसरलेत, ती अशी बाहेर राहू शकते. स्थानिक बातम्यांची वाहिनी राहू शकत नाही. आणि अटलांटा हेही महानगरच, फक्त पहिल्या क्रमांकाचं नव्हे.

एक बदल जुन्या नियोजकांच्याही ध्यानात उशिरा आला. व्हिडिओ कंपन्या आता आपल्या व्हिडिओंचे साठे थेट इंटरनेट सेवादारांच्या जाळ्यातच ठेवतात. नेटफ्लिक्सने आपली ओपन कनेक्ट योजना २०१२ मध्ये जाहीर केली, गूगलचीही तशी व्यवस्था आहे. त्यामुळे रहदारीचा सगळ्यात जड भाग एक्स्चेंजपर्यंत जातच नाही. पण असा साठा मिळण्यासाठी पुरेशी रहदारी दाखवावी लागते, आणि तोपर्यंत एक्स्चेंजवरची जोडणी हाच तुमचा आधार.

आता तोटे. सगळे एका इमारतीत म्हणजे सगळे एकाच वेळी बुडणार. २७ फेब्रुवारी १९७५ ला न्यूयॉर्कमधल्या एका टेलिफोन एक्स्चेंजला आग लागली. सुमारे पावणेदोन लाख टेलिफोन बंद पडले आणि सेवा पूर्ववत व्हायला तीन आठवड्यांहून जास्त लागले. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उत्तरेकडचा मनोरा कोसळला तेव्हा त्यावरून प्रसारित होणाऱ्या शहरातल्या बहुतेक मोठ्या टीव्ही वाहिन्यांचं हवेतलं प्रसारण गेलं. एम्पायर स्टेट इमारतीवर राखीव ट्रान्समीटर ठेवणारी वाहिनी तरली. २०१२ च्या सँडी वादळात खालच्या मॅनहॅटनमध्ये तळघरं बुडाली. जनरेटर वर सुरक्षित, पण इंधनाचे पंप तळघरात! एका इमारतीत कर्मचाऱ्यांनी बादल्यांतून डिझेल जिन्याने वर नेलं.

याहून जास्त वेळा घडणारी, पण बातमी न होणारी गोष्ट म्हणजे खोटी दुहेरी वाट. माझ्या माहितीतल्या एका वाहिनीने दोन वेगळ्या वाहकांकडून दोन फायबर घेतली होती. दोन बिलं, दोन करार. एका पुलावर मात्र दोन्ही एकाच डक्टमधून जात होती. पुलाच्या दुरुस्तीत खोदयंत्राने डक्ट तोडला आणि दोन्ही एकाच क्षणी गेली. वाहकाचं नाव वेगळं म्हणजे मार्ग वेगळा, असं कधी समजू नका. मार्गाचा नकाशा करारासोबत मागा, इमारतीत दोन वेगळ्या बाजूंनी प्रवेश आहे का ते स्वतः पाहा, आणि वाहकाने पुढे मार्ग बदलला तर कळवण्याची अट घाला. महानगरात हे मागता तरी येतं, कारण पर्यायी मार्ग असतो. एकच रस्ता असलेल्या गावात मागायलाच जागा नसते.

दुसरा तोटा विजेचा, आणि तो वाढतोय. २०२३ मध्ये आयर्लंडच्या एकूण मोजलेल्या वीजवापरातले २१ टक्के डेटा सेंटरचे होते, आणि डब्लिन परिसरात काही वर्षं नव्या केंद्रांना जोडणी मिळणं जवळपास थांबलं होतं. ॲमस्टरडॅमने आणि सिंगापूरने २०१९ मध्ये नव्या डेटा सेंटरना काही काळ थांबवलं होतं. म्हणून जागा पाहताना चौरस फूट शेवटी विचारा. आधी किलोवॅट विचारा, ते आज मिळतील की तीन वर्षांनी हे विचारा आणि लेखी घ्या.

तुमच्या कंपनीचं म्हणाल, तर मी अख्खं कार्यालय हलवणार नाही. महानगरातल्या तटस्थ, म्हणजे कुणा एका वाहकाच्या मालकीच्या नसलेल्या, डेटा सेंटरमध्ये अर्धा किंवा एक रॅक घ्या. तिथे राउटर ठेवा, एक्स्चेंजचं पोर्ट घ्या, दोन वाहकांकडून ट्रान्झिट घ्या आणि तिथून तुमच्या भागापर्यंत दोन खरोखर वेगळ्या मार्गांची फायबर आणा. पोर्ट आधी, कार्यालय नंतर. ‘रिमोट पीअरिंग’, म्हणजे एक्स्चेंजमध्ये स्वतः न जाता मधल्या विक्रेत्यामार्फत जोडणी, विकणारे कदाचित तेही नको म्हणतील. सुरुवातीला चालेल, पण मधल्या विक्रेत्याचा एक दुवा तुटला की सगळे शेजारी एकदम दिसेनासे होतात, हे लक्षात ठेवा.

वाहिनीचं बातमीकक्ष जिथे बातमी आहे तिथेच ठेवा. प्लेआउट त्याच महानगरातल्या रॅकशेजारी, कारण तिथून केबल, डीटीएच आणि ऑनलाइन मंच चालवणाऱ्यांपर्यंत सिग्नल पोचवणं सोपं जातं. अपलिंकसाठी, म्हणजे सिग्नल उपग्रहाकडे पाठवण्यासाठी, स्वतःची डिश उभारू नका. शहराबाहेरच्या टेलिपोर्टशी करार करा आणि फायबरने तिथे पोचा. मध्यवस्तीत एक लहान स्टुडिओ मात्र हवा, पाहुणे तासभर प्रवास करून येत नाहीत.

करार करताना एका बाबीवर अडून बसा. डेटा सेंटरचं भाडं सगळे घासाघीस करून कमी करतात. पण इमारतीतल्या इमारतीत दुसऱ्या कंपनीच्या रॅकशी जोडून देण्याचं, म्हणजे क्रॉस-कनेक्टचं, मासिक शुल्क बारीक अक्षरात असतं. पीअरिंग जसजसं वाढेल तसतशा या तारा वाढतात आणि काही वर्षांत त्यांचं बिल रॅकच्या भाड्याला गाठतं. पहिल्या वीस जोडण्यांचा दर, दरवर्षीच्या वाढीची कमाल मर्यादा आणि तार जोडून देण्याची मुदत हे तिन्ही मुद्दे पहिल्याच करारात बांधून घ्या. एकदा तुमची सगळी जाळी त्या खोलीत गुंतली की सवलत द्यायचं समोरच्याला काही कारण उरत नाही.